पीटी रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून बघा

(20 मेच्या कार्यक्रमात भोसरीच्या कॅलिब्रेशन लॅबवाल्यांसमोर, म्हणजे मोजायची उपकरणं बरोबर दाखवतात का ते तपासणाऱ्यांसमोर, केलेलं हे भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं साफसूफ केलंय.)

नमस्कार मंडळी. आज 20 मे. 1875 साली याच तारखेला पॅरिसमध्ये 17 देशांनी मीटर करारावर सह्या केल्या, आणि तेव्हापासून आपल्या धंद्याचं मूळ एकच राहिलंय, की माझं माप आणि तुमचं माप एकमेकांशी जुळतं का ते ताडून बघायचं. पीटी, म्हणजे प्रोफिशियन्सी टेस्टिंग, हे तेच ताडून बघणं, एकच वस्तू वेगवेगळ्या लॅबनी मोजायची आणि आकडे जुळतात का बघायचे. मला विषय दिलाय पीटीची गुणवत्ता कशी ओळखायची, आणि मी आयोजकांना पाच प्रश्न सांगतो असं कबूल केलंय. सांगणार आहे. पण आधी एका आरटीडीची, म्हणजे तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणाऱ्या प्लॅटिनमच्या तारेच्या तापमापकाची, गोष्ट सांगू द्या, कारण ते पाचही प्रश्न मला त्या आरटीडीनेच शिकवले.

काही वर्षांपूर्वी आमची लॅब तापमानाच्या एका राउंड रॉबिनमध्ये, म्हणजे एकच वस्तू लॅबमागून लॅबमध्ये फिरवणाऱ्या पीटीमध्ये, होती. आर्टिफॅक्ट, म्हणजे सगळ्यांनी मोजायची ती वस्तू, होती शून्य अंशाला 100 ओहमवाला साधा वायरवाउंड आरटीडी, नऊ लॅबमध्ये फिरणार, आमचा नंबर पाचवा. कुरियरने आला, आम्ही आइस पॉइंटला, म्हणजे बर्फाच्या शून्य अंशाला, 100.031 ओहम मोजलं, पुढच्या लॅबला पाठवलं आणि विसरून गेलो. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. रेफरन्स व्हॅल्यू, म्हणजे रेफरन्स लॅबने मोजलेला, बरोबर धरायचा आकडा, 100.012. फरक 0.019 ओहम, म्हणजे जवळपास 0.05 अंश. आमची अनसर्टन्टी, म्हणजे आमचं माप किती इकडेतिकडे असू शकतं त्याचा आमचा दावा, 0.03 अंश, रेफरन्स लॅबची 0.01, दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ, भागाकार, सगळं तुम्हाला पाठच आहे. ईएन, म्हणजे फरकाला या एकत्र अनसर्टन्टीने भागून येणारा आकडा, आला 1.5. एकच्या वर गेला म्हणजे नापास.

आता नापास झाल्यावर लॅबमध्ये काय होतं ते या हॉलमधल्या प्रत्येकाला माहितीये. आमच्याकडे तापमान बघणारा पोरगा होता, डिप्लोमा करून आलेला, हात अतिशय चांगला. तो तीन दिवस बर्फ फोडत बसला, ऐन मे महिन्यात. डिस्टिल्ड वॉटरचा बर्फ, मिक्सरमधून बारीक केलेला, थर्मासमध्ये नीट दाबून भरलेला, पाणी वर तरंगू दिलं नाही. इमर्शन, म्हणजे बर्फात बुडवलेली खोली, कमी पडलं का बघितलं, 1 मिलिअँपियरच्या जागी चुकून जास्त करंट जाऊन सेल्फ हीटिंग झालं का बघितलं, दुसरा स्टँडर्ड लावून बघितला. सगळं बरोबर येत होतं. आणि शेवटी फॉर्ममध्ये रूट कॉजच्या चौकटीत काहीतरी लिहावं लागतं म्हणून आम्ही लिहिलं, ऑपरेटर ट्रेनिंग. त्या पोराने खाली सही केली. ती सही मला आजही टोचते, आणि मी हे भाषण करतोय ते त्या सहीसाठी.

रिपोर्टमध्ये लॅब कोडप्रमाणे लावल्या होत्या. कोड सात, कोड दोन, कोड नऊ, असा उलटासुलटा ग्राफ, काही कळत नव्हतं. एका रविवारी मी सहज शेड्यूल काढलं आणि तेच नऊ आकडे तारखेप्रमाणे लावले. पहिल्या तीन लॅब 100.010 ते 100.015च्या मधे. चौथ्यापासून नवव्यापर्यंत सगळ्या 100.026 ते 100.033. मधे सरळ पायरी! तिसऱ्या आणि चौथ्या लॅबच्या मधल्या प्रवासात आरटीडीला दणका बसला होता. प्लॅटिनमच्या तारेला ताण आला की रेझिस्टन्स वाढतो, हे आपण सगळेच शिकलोय. आमच्याकडे आला तो वेगळा आरटीडी होता म्हणा ना, आणि तुलना चालली होती जुन्याशी.

शेवटच्या सहापैकी चार नापास झाल्या, पण मला झोप लागली नाही ती पास झालेल्या दोघींमुळे. त्यातल्या एकीचं रीडिंग आमच्यासारखंच 100.031. फक्त तिने अनसर्टन्टी 0.1 अंश लिहिली होती. ईएन 0.48, पास. तेच रीडिंग, तोच फरक! जिने आपलं काम जास्त नेमकं आहे असं छातीठोक सांगितलं ती नापास, आणि जिने ढगळ शर्ट घातला तिचं पोट दिसलं नाही. हे गणित चुकलेलं नाहीये, ईएनचा फॉर्म्युला तसाच आहे, तो फक्त एवढंच विचारतो की तुमचा फरक तुमच्या दाव्यात बसतो का. दावा किती मोठा करून ठेवलाय ते विचारणं आपलं काम आहे.

मग आम्ही पत्र लिहिलं, शेवटचं मापन कुठंय म्हणून. आर्टिफॅक्ट परत आल्यावर रेफरन्स लॅबने मोजलं होतं का? उत्तर यायला चार महिने लागले. मोजलं होतं, 100.028. रिपोर्टमध्ये घातलंच नव्हतं. त्या आकड्याशी आमचा फरक 0.003 ओहम, ईएन 0.24. चार महिने आम्ही त्या रेंजची सर्टिफिकेटं देणं आपणहून थांबवलं होतं, गिऱ्हाईकं दुसरीकडे गेली, त्यातली काही परत आली नाहीत. ट्रेनिंगवाला कागद मात्र अजून फाइलमध्ये आहे, कारण एकदा सही झालेला रेकॉर्ड काढता येत नाही, त्याला फक्त पुरवणी जोडता येते. ती मी जोडली, माझ्या सहीने.

किती वेळ राहिला? सात मिनिटं. बरं, पळत पळत सांगतो.

पहिला प्रश्न हाच, आर्टिफॅक्ट आधी आणि नंतर मोजलं का, आणि मधल्या ड्रिफ्टचं, म्हणजे त्याच्यात झालेल्या बदलाचं, काय केलं. नऊ लॅबची लांब साखळी असेल तर मधे एकदोनदा तरी ते रेफरन्स लॅबकडे परत यायला हवं, पाकळ्यांसारखं. दुसरा, रेफरन्स व्हॅल्यू आली कुठून. टेस्टिंगवाल्यांकडे बऱ्याचदा भाग घेणाऱ्यांच्याच आकड्यांवरून व्हॅल्यू ठरते आणि झेड स्कोर, म्हणजे त्या व्हॅल्यूपासून किती लांब आहात त्याचा आकडा, लागतो, आपल्याकडे पाचसात लॅब असतात, त्यात एकमत वगैरे काढून चालत नाही, वरच्या दर्जाच्या लॅबची व्हॅल्यूच लागते. आणि तिची अनसर्टन्टी तुमच्या एक तृतीयांशाच्या आत असावी असा माझा ठोकताळा आहे, कारण ती मोठी असली की छेद मोठा होतो आणि सगळेच पास होतात.

तिसरा प्रश्न स्वतःला विचारायचा. पीटीत लिहिलेली अनसर्टन्टी आणि तुमच्या मान्यतेच्या स्कोपमधली सीएमसी, म्हणजे तिथे जाहीर केलेली सगळ्यात कमी अनसर्टन्टी, जुळते का? स्कोपमध्ये 0.03 आणि पीटीत 0.1 लिहून पास झालात तर 0.03 सिद्ध झालं नाही, एवढं सोपं आहे. चौथा, आर्टिफॅक्ट तुमच्या खऱ्या कामाला शोभतं का. कुणी गेज ब्लॉकची, म्हणजे लांबीच्या नेमक्या ठोकळ्यांची, सीएमसी 0.2 मायक्रॉन सांगतो आणि लांबीच्या विषयात पीटी करतो 0.01 मिलिमीटर लीस्ट काउंटच्या कॅलिपरवर. अहो, 50 मिलिमीटरचा स्टीलचा ब्लॉक एक अंश तापला तर अर्ध्या मायक्रॉनपेक्षा जास्त वाढतो, आणि तुमच्या खोलीचं 20 अंश खरंच 20 आहे का हे कॅलिपरला कधीच कळणार नाही. पाचवा, रिपोर्ट किती दिवसांत येतो आणि त्यात काय काय उघड केलंय, मापनाच्या तारखा आहेत का, प्रत्येकाची अनसर्टन्टी छापली आहे का. शेजारच्या लॅबला फोन करून तुझं किती आलं विचारण्याबद्दल बोलायचं होतं, वेळ नाही, पण करू नका, हात जोडून सांगतो.

आणि हे विचारायचा हक्क आहे तुम्हाला. लॅबसाठीच्या आयएसओ 17025 मानकाच्या 2017च्या आवृत्तीत कलम 6.6मध्ये बाहेरून घेतलेल्या सेवा तपासायला सांगितल्यात, पीटी त्यातच येते. आपण एसी दुरुस्तीवाल्याचं व्हेंडर इव्हॅल्युएशन भरतो, चारचार पानांचं, आणि पीटी प्रोव्हायडरसमोर नुसती टिक करतो, अ‍ॅक्रेडिटेड आहे म्हणून. त्याच्या स्कोपमध्ये तुमचा पॅरामीटर आणि तुमची रेंज आहे का एवढं तरी उघडून बघा. पीटी प्रोव्हायडरसाठीच्या आयएसओ 17043 मानकाची नवी आवृत्ती 2023ला आलीये, प्रोव्हायडरने काय करायला हवं ते त्यात आहे, ती वाचा आणि पत्र लिहा, न घाबरता.

हो, थांबतो. चहा बाहेर लावलाय म्हणतात. ज्यांच्या फोनमध्ये जुने पीटी रिपोर्ट असतील त्यांनी माझ्या टेबलाशी या, सोबत शेड्यूल असलं तर उत्तम, मी ग्राफ पेपर आणलाय, तारखेप्रमाणे लावून बघू.