वरकसातली नाचणी गेली, पोटं का सुटली?

नमस्कार मंडळी! मी लांजा तालुक्यात, आमच्या घरामागच्या वरकसात, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत, उभी आहे. ही मागची काजूची कलमं बघताय ना? आजीच्या वेळी इथे नाचणी आणि वरी असायची. उतारावर कुदळीने खणायचं, भर पावसात रोपं लावायची, कापणी झाली की भारे डोक्यावरून खळ्यात आणायचे. न्याहरीला नाचणीची भाकरी, उन्हं चढली की पेज, रात्री कुळथाची पिठी आणि भात.

१९९० मध्ये रोजगार हमीला जोडून फळबाग लागवड योजना आली. लोकांनी डोंगरावर आंबा-काजू लावला, आणि माझ्या मते चांगलंच केलं. नाचणीवर पोरांची कॉलेजची फी भरता येत नव्हती. पण पैसा शेतातून आणि खाणं दुकानातून, अशी घडी तेव्हापासून बसत गेली. १९९१ ला देशाची बाजारपेठ खुली झाली. १९९४ ला पामतेलाची आयात खासगी व्यापाऱ्यांना मोकळी झाली. तळण स्वस्त झालं.

आता वाडीतल्या दुकानात चला. दारावर पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा, खालची पुडी बालवाडीतल्या पोराच्या हाताला येईल इतकी खाली. मागची बारीक अक्षरं वाचा: पामतेल, मीठ, साखर, मैदा. शेतावरून दमून आलेली आई रडणाऱ्या पोराला तीच देते. भाकरी थापायला चूल पेटवावी लागते, पुडी नुसती फाडायची.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं, २००५-०६ मध्ये देशात १५ ते ४९ वयाच्या १२.६ टक्के बायकांचं वजन जास्त होतं. २०१९-२१ मध्ये २४ टक्के. पंधरा वर्षांत जवळपास दुप्पट! चीनमध्ये १९७८ च्या आर्थिक सुधारणांनंतर वजनं वाढली. मेक्सिकोतही बाजार खुला झाला तसं पाकीटबंद खाणं आणि गोड पेयं घरोघर पोचली. इतक्या देशांतली माणसं एकदम आळशी झाली का? म्हणून "लोक खातात फार, हलत नाहीत" हे ऐकलं की मला मनापासून राग येतो. बदललं ते हाताशी काय आहे आणि परवडतं काय, ते.

आपल्या लोकांची चरबी आधी पोटावर साठते, हातपाय काटकुळे असले तरी. साखर आणि रक्तदाब तिथूनच मागे लागतात. शिंप्याची टेप घ्या, बेंबीच्या रेषेत कंबर मोजा. बायकांना ८० सेंटिमीटर, पुरुषांना ९०, यापुढे गेलात तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन साखर तपासून घ्या. आमच्या घरात काल पाच जणांची कंबर मोजली. तिघं पुढे निघाली. उद्या सकाळी त्यांना घेऊन मी केंद्रावर जातेय.