बोलता येईल इतक्या वेगानं

मोकळ्या हवेतल्या व्यायामाबद्दल बोलताना मी सुरुवात वेगापासून करणार आहे, कारण त्यातला आनंद हरवतो तो तिथंच. व्यायाम सुटला की माणूस स्वतःच्या आळसाला दोष देतो. बरेचदा झालेलं असतं एवढंच, की पहिल्या महिन्यात अति केलेलं असतं.

रोज चालायला किंवा हळू पळायला लागलं की दोन-तीन आठवड्यांत दमसास वाढतो. स्नायूही लवकर सरावतात. हाडं आणि स्नायूंना हाडांशी बांधणारे कंडरे मात्र सावकाश बळकट होतात, त्यांना काही महिने लागतात. त्यामुळे चौथ्या आठवड्यात छाती तयार असते आणि नडगी नसते. मग नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागतं. तिथं बोटानं दाबून बघा. चार-पाच बोटं लांबीचा पट्टा हुळहुळत असेल, तर पळणं थांबवून काही दिवस नुसतं बेताचं चाला. बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, किंवा पडल्यापडल्याही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. तेव्हा व्यायाम बंद आणि थेट डॉक्टरांकडे. म्हणून आधी वेळ वाढवा, वेग नंतर. दोन्ही एकाच आठवड्यात वाढवू नका.

योग्य वेग ओळखायला घड्याळ लागत नाही. चालताना पूर्ण वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. बहुतेक प्रौढांच्या बाबतीत हा वेग मिनिटाला साधारण १०० पावलांच्या आसपास येतो. १५ सेकंदांत २५ पावलं मोजली की अंदाज येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला अशी १५० ते ३०० मिनिटं सांगितली आहेत. एका वेळी निदान १० मिनिटं चाललंच पाहिजे, ही जुनी अटही तेव्हा काढून टाकली. हे फार मोलाचं आहे: सकाळी सात मिनिटं, जेवणानंतर बारा मिनिटं, सगळं जमेस धरायचं. जेवणानंतरच्या चालण्यात तर पायांचे स्नायू रक्तातली साखर थेट वापरतात, त्यामुळे ती एकदम वर चढत नाही.

हे सगळं घरात यंत्रावरही होईल. मग बाहेर कशाला? पहिलं कारण उजेड. दिवे लावलेल्या खोलीत साधारण ३०० ते ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रकाश असतो. बाहेर आभाळ भरून आलेलं असलं तरी तो कित्येक हजार लक्स असतो, आणि लख्ख उन्हात १ लाखाच्या घरात जातो. डोळा जुळवून घेतो म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही, पण मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळ तो बरोबर टिपतं. सकाळच्या उजेडानं ते घड्याळ लागतं आणि रात्री वेळेवर झोप येते. सकाळच्या फेरीचं एक बक्षीस असं रात्री हाती पडतं!

दुसरं कारण जमीन. मातीच्या वाटेवर प्रत्येक पाऊल थोडं वेगळं पडतं. घोटा दर वेळी सावरतो, आणि तोल सांभाळायची सवय तिथंच लागते. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. म्हणून पहिल्या मोठ्या उतारानंतर मांड्या एक-दोन दिवसांनी जास्त दुखतात. घाबरू नका, हलकं चालत राहा. पुढच्या वेळी तोच उतार कमी दुखवतो. नखं काळी पडत असतील तर पाय बुटात पुढं सरकतोय. सर्वांत लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि उतरण्याआधी बुटाची घोट्याजवळची नाडी घट्ट आवळायला हवी. बूट संध्याकाळी घ्या, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात.

उन्हाळा सुरू झाला की वेळ निम्मी करा. शरीर उष्णतेला सरावायला १० ते १४ दिवस घेतं. त्या काळात घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, तो चांगला बदल आहे. चक्कर, मळमळ किंवा अंगावर शहारे आले, तर सावलीत थांबा, पाणी प्या आणि तो दिवस सोडून द्या. छातीत दाटून आलं तर मात्र वाट न बघता मदत मागवा.

खंड सगळ्यांनाच पडतो. दोन आठवड्यांहून जास्त पडला, तर निम्म्या वेळेपासून पुन्हा सुरू करा आणि जुन्या वेळेवर यायला तीन-चार आठवडे द्या.