कृष्णवर्णीय पोलिसांची संघटना नेमकं काय करते? न्यूयॉर्कच्या 'गार्डियन्स'चं उदाहरण

सॅम्युएल बॅटल १९११ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांत भरती झाले. कृष्णवर्णीय म्हणून ठाण्यातल्या सहकाऱ्यांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं, झोपायलाही झेंडे ठेवायच्या माळ्यावर पाठवलं. सार्जंट व्हायला १९२६ उजाडलं. आता सांगा, जिथे कुणी साधी विचारपूस करत नाही, तिथे बढतीच्या परीक्षेचा अभ्यास कुणाबरोबर करायचा?

म्हणून 'गार्डियन्स असोसिएशन' महत्त्वाची. १९४३ मध्ये सुरुवात, १९४९ मध्ये खात्याची मान्यता. ही युनियन नव्हे बरं का! पगार-पेन्शनची बोलणी युनियन करते. अशा संघटनेचा भर असतो आत आलेला माणूस टिकवण्यावर आणि वर चढवण्यावर.

वर चढायचं म्हणजे काय, ते बघा. सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन ही तिन्ही पदं लेखी परीक्षेवर. ७० गुणांना पास, पण नुसतं पास होऊन भागत नाही. आपल्या एमपीएससीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. यादी गुणानुक्रमे लागते, बढत्या वरून खाली येतात, आणि यादी जास्तीत जास्त ४ वर्षं चालते. मुदत संपली आणि नंबर लागला नाही, की पुन्हा परीक्षा.

प्रश्नांचा मोठा आधार म्हणजे 'पॅट्रोल गाइड', खात्याचा जाडजूड नियमग्रंथ. अनुभवी शिपाई इथेच गोत्यात येतो. रस्त्यावर आपण काय करतो ते तो लिहितो. परीक्षेला हवं असतं पुस्तकात काय आहे ते. आधी कुणाला कळवायचं, कोणता फॉर्म भरायचा, सही कुणाची, हा क्रम चुकला की गुण गेला. नियम बदलतातही, त्यामुळे जुन्या नोट्स घातक. चांगला मार्गदर्शक उत्तर सांगत नाही, "हे कुठे लिहिलंय, दाखव" म्हणतो.

कॅप्टनच्या वर मात्र परीक्षाच नाही. बढती पोलीस कमिशनरच्या मर्जीवर. तिथे तुमचं नाव सुचवणारा कुणीतरी वरच्या खोलीत बसलेला लागतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. कृष्णवर्णीय वरिष्ठ अधिकाऱ्यांची 'नोबल' ही देशव्यापी संघटना १९७६ मध्ये निघाली, ती याच पातळीवरच्या लोकांची.

आता समाजसेवा. शाळेच्या वह्या वाटणं वगैरे सगळेच करतात. त्यापेक्षा 'नोबल'चा १३ ते १८ वयोगटासाठीचा 'द लॉ अँड युवर कम्युनिटी' हा कार्यक्रम मोलाचा: कायदा काय आणि पोलिसांसमोर कसं वागायचं. पोलिसांनी गाडी थांबवली तर? दोन्ही हात स्टिअरिंगवर, रात्री आतला दिवा लावायचा. घोळ होतो तो कागदपत्रांपायी. मुलगा घाईघाईने डॅशबोर्डच्या कप्प्यात हात घालतो आणि पोलिसाला वाटतं हत्यार काढतोय. म्हणून आधी बोलायचं, "लायसन्स कप्प्यात आहे, काढू का?", आणि मग हात हलवायचा.

सगळी जबाबदारी पोरांवरच का, असा आक्षेप यावर घेतला जातो, आणि तो रास्त आहे. म्हणूनच दुसरा भागही शिकवायलाच हवा: रस्त्यात हुज्जत घालायची नाही, पण बिल्ला नंबर, वेळ, जागा लक्षात ठेवायची आणि तक्रार नोंदवायची. न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी 'सिव्हिलियन कंप्लेंट रिव्ह्यू बोर्ड' आहे, पोलीस खात्याबाहेरचं.