झेरॉक्स, अंगठा आणि हिरवी खूण

श्रोतेहो, नमस्कार.

गुरुवारी अक्कलकोटला मुक्काम करा, नाहीतर एकादशीला पंढरपुरात. खोली मागितली की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "आधारची झेरॉक्स आहे का?" आपण पिशवीतून काढून देतो. एखाद्या ठिकाणी पोरगा मोबाइलवरच फोटो मारून घेतो. ती झेरॉक्स पुढं कुठल्या फायलीत जाते, ती फाईल कोण सांभाळतं, वर्षभरानं ती रद्दीत जाते का, हे आपण विचारत नाही आणि तोही सांगत नाही. गंमत अशी, की ज्यासाठी ती घेतली ते काम तिच्यानं होतच नाही. दुसऱ्याच्या आधारवर आपला फोटो बसवून त्याची झेरॉक्स काढायला आज फार अक्कल लागत नाही, मोबाइल पुरतो. काउंटरवरच्या पोराला ते ओळखू येणार नाही. नुसत्या डोळ्यांनी बघून मलाही येणार नाही, आणि माझा तर हा रोजचा धंदा आहे.

मी सोलापुरात दस्त लिहितो. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, भाडेकरार. दिवसभर टेबलावर लोकांच्या ओळखीचे कागद पडलेले असतात. गेल्या काही वर्षांत या कागदांचा स्वभावच बदलला आहे, त्याबद्दल आज बोलतो.

पूर्वी कागदाचा खरेपणा कागदातच शोधायचा. जाड स्टॅम्पपेपर, उजेडात धरल्यावर दिसणारी खूण, गोल शिक्का, जांभळी शाई. बनावट मुद्रांकांच्या तेलगी प्रकरणानं त्या विश्वासाला सुरुंग लावला. छपाईची यंत्रंच हाती आल्यावर खरा मुद्रांक आणि खोटा मुद्रांक यांत डोळ्याला फरक उरला नाही. आज मोठ्या दस्ताचं मुद्रांक शुल्क ई-चलनानं भरलं जातं. नोंदणी होताना ते चलन संगणकावर 'डिफेस' होतं, म्हणजे तेच चलन पुन्हा दुसऱ्या दस्ताला लावता येत नाही. माझ्या फायलीत चलनाची छापील प्रत असते, पण तिला स्वतःची अशी किंमत नाही. किंमत आहे ती सरकारी नोंदीत.

डिजिटल सहीचंही तसंच. शिवकाळातल्या पत्रांत मजकूर संपला की खाली मोर्तब उमटवत, 'मर्यादेयं विराजते'. का, तर त्याखाली कुणी मागाहून ओळ घुसडू नये. कागदाला कागद जोडला असेल तर जोडावरही शिक्का, म्हणजे मधला तुकडा बदलता येऊ नये. डिजिटल सही हेच करते, फक्त गणितानं. सगळ्या मजकुराचा मिळून एक लांबलचक आकडा काढला जातो, त्याला हॅश म्हणतात. सात-बारावरच्या क्षेत्रात एक शून्य वाढवलंत, तर तो आकडा पार बदलतो. अधिकाऱ्याच्या गुप्त किल्लीनं त्या आकड्यावर सही होते, आणि त्याची जाहीर किल्ली वापरून ती सही कुणालाही तपासता येते. आपल्याकडं माहिती तंत्रज्ञान कायद्यानं २००० सालापासून याला मान्यता दिली आहे.

आता अडतं कुठं ते सांगतो. सेतूतून जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला येतो तो पीडीएफ म्हणून. मोबाइलवर उघडला की सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. झालं! बँकेतला माणूस म्हणतो दाखला खोटा, पोराचा बाप घामाघूम. खरं म्हणजे त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ एवढाच, की तुमच्या यंत्रानं सही अजून तपासलेली नाही. मोबाइलवरची बरीचशी साधी अ‍ॅपं ते तपासतच नाहीत. संगणकावर योग्य सॉफ्टवेअरमध्ये उघडून, भारत सरकारच्या मूळ प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायला त्याला एकदा सांगितलं, की तिथं हिरवी खूण येते.

याच्या उलट चूक जास्त महागात पडते. हिरवी खूण आलेला दाखला लोक छापून आणतात आणि छापील खुणेकडं बोट दाखवून म्हणतात, "हे बघा, सही आहे." श्रोतेहो, छापल्यावर ती सही राहत नाही, तिचं चित्र राहतं. हिरवी खूण रंगीत प्रिंटरवर कुणीही काढू शकतो. डिजिटल सहीचा सात-बारा महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत मिळतो, त्यावर पडताळणी क्रमांक असतो. जमीन घेताना विकणाऱ्यानं आणलेला उतारा हातात घेऊन बसू नका. तो क्रमांक स्वतः टाकून बघा, नाहीतर सरळ आणखी पंधरा रुपये खर्चून ताजा उतारा काढा. लाखांच्या व्यवहारात लोक चहावर याहून जास्त उडवतात.

क्यूआर कोडबद्दलही असंच. कोड दोन जातींचे असतात. एक जो नुसता कुठल्यातरी संकेतस्थळावर नेऊन सोडतो. तिथं 'दाखला वैध आहे' असं झळकलं म्हणून खूश होऊ नका, वरचा पत्ता वाचा. संकेतस्थळाच्या नावाचा शेवट गव्ह-डॉट-इन (gov.in) असा नसेल तर सावध व्हा, तो देखावा असू शकतो. दुसरी जात आधारवरच्या कोडची. त्याच्या आतच माहितीवर सही केलेली असते, आणि आधार प्राधिकरणाच्या अ‍ॅपनं स्कॅन केला की नाव आणि फोटो खरे आहेत का ते तिथल्या तिथं कळतं. लॉजच्या काउंटरवर खरं तर एवढंच हवं. स्कॅन करा, चेहरा बघा, किल्ली द्या. झेरॉक्स हवीच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या, ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं. नव्या आधार अ‍ॅपमध्ये तर अख्खं कार्ड न दाखवता हवी तेवढीच माहिती पुढच्याला देता येते. आणि तुमचे दाखले देणाऱ्या कार्यालयाकडूनच डिजिलॉकरमध्ये, म्हणजे सरकारच्या डिजिटल कपाटात, आलेले असतील, तर डिजिटल लॉकरबद्दलच्या २०१६ च्या नियमांत नंतर झालेल्या दुरुस्तीनं त्यांना मूळ कागदाचा दर्जा आहे. "ओरिजिनल आणा" म्हणणाऱ्याला हे शांतपणे ऐकवा.

कायदा काय म्हणतो? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०१८ साली आधारचा निकाल आला, त्यात योजना टिकली, पण खासगी कंपन्यांना वाटेल तसं आधार मागायची मुभा देणारं आधार कायद्याचं कलम ५७ त्यापुरतं गेलं. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि मुख्य बंधनं लागू व्हायला तिथून अठरा महिन्यांची मुदत आहे. माहिती कशासाठी घेतो ते स्पष्ट सांगायचं, आणि ते मराठीत वाचायला मागायचा पर्याय तुम्हाला असला पाहिजे. माहिती नीट सांभाळली नाही, तर दंड अडीचशे कोटींपर्यंत जाऊ शकतो. आकडा ऐकून लॉजवाल्यांनी घाबरू नये, तो कमाल आकडा आहे. पण एक बारकावा मला खटकतो. हा कायदा डिजिटल माहितीला लागू होतो, किंवा कागदावर घेऊन नंतर डिजिटल केलेल्या माहितीला. म्हणजे ड्रॉवरमध्ये पडलेली तुमची झेरॉक्स या कायद्याच्या बाहेर, आणि तिचाच मोबाइलवर काढलेला फोटो कायद्याच्या आत! ज्या देशात निम्मा कारभार झेरॉक्सवर चालतो, तिथं ही फट लहान नाही. म्हणून मी म्हणतो, कायद्याची वाट बघत बसण्यापेक्षा झेरॉक्स देणंच कमी करा.

आता अंगठ्याकडं येतो.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात, कुंभारीच्या वसाहतींत, हजारो बाया विड्या वळतात. पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोक नखानं आत दाबायचं, दोरा बांधायचा. रोज, वर्षानुवर्षं. त्यात बोटांच्या टोकांवरच्या रेषा झिजून जातात. अशी एखादी मावशी घराच्या दस्तासाठी येते आणि यंत्रावर अंगठा ठेवते. लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा. लाल दिवा. कुणी म्हणतं ओलं करा, कुणी म्हणतं तर्जनी ठेवा. मावशी स्वतःच्या बोटाकडं असं बघते, जणू त्यानंच काही गुन्हा केला. रेशन दुकानातही तिचं हेच होतं. अंगठा आयुष्यभर तसाच राहतो हे गृहीत धरणाऱ्यांनी विडी वळणारा हात बघितला नसावा. यंत्रानं नाकारलं तर ओटीपी, डोळ्याची बुबुळं, चेहरा असे पर्याय आहेत. जिथं जो असेल तो हक्कानं मागायचा. चेहऱ्याची सोय तर निवृत्तांना फारच कामाची. लक्ष्मी विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांतले जुने कामगार हयातीच्या दाखल्यासाठी काठी टेकत रांगेत उभे राहायचे. जीवन प्रमाण या सरकारी सोयीत २०२१ पासून चेहरा दाखवून हा दाखला घरबसल्या मोबाइलवर देता येतो. नातवाला हाताशी घ्या, पण मोबाइल त्याच्या मित्राच्या हातात देऊ नका.

आणि जो अंगठा सहज उमटतो त्याचं दुखणं वेगळं. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, अंगठा कसा बदलणार? तेलंगणात २०१८ साली उघडकीला आलेल्या प्रकरणात नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरच्या जमिनीच्या दस्तांतून लोकांचे ठसे उचलले होते, त्यांचे रबरी अंगठे बनवले होते आणि त्यावर सिमकार्डं सुरू केली होती. पुढं हीच युक्ती आधारवरून पैसे काढण्याच्या सोयीवर चालली. ज्या दस्तावर पुरावा म्हणून ठसा घ्यायचा, त्याच दस्तातून ठसा चोरीला! आमच्या धंद्याला यासारखी दुसरी चपराक नाही. २०२३ पासून आधारच्या पडताळणीत ठसा जिवंत बोटाचा आहे की रबराचा, हे कृत्रिम बुद्धिमत्तेनं तपासतात. तुम्ही तुमच्या बाजूनं आधार अ‍ॅपमध्ये जाऊन बायोमेट्रिक, म्हणजे ठसे, बुबुळं, चेहरा, लॉक करून ठेवा. एक लक्षात असू द्या, लॉक असताना रेशनलाही अंगठा चालणार नाही, तेव्हा जायच्या आधी उघडायचं. खात्यातून पैसे गेलेच तर तासाभरात १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर फिरवा. उद्या सकाळी जाऊ, असं करू नका. तेवढ्या वेळात पैसे चार खाती फिरून आलेले असतात.

ओटीपीचा भरवसाही शेवटी मोबाइल नंबरावर. आधारला जोडलेला नंबर कुणाचा, असं विचारलं की निम्मे लोक विचारात पडतात. कुणाचा जुना बंद पडलेला, कुणाचा भाच्याचा. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते, आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडं जायला लागतात. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथीच्या संकेतस्थळावर दिसतं, एकदा बघाच. आणि कार्यालयांतल्या मंडळींना एक विनंती. सहीचं डोंगल, म्हणजे साहेबांची गुप्त किल्ली असलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा, संगणकाला कायम लावलेलं, पिन मॉनिटरवर चिकटवलेला, आणि साहेब जेवायला गेलेले, हे दृश्य मी नको तितक्या वेळा बघितलं आहे. मग गणित कितीही पक्कं असू दे.

ब्लॉकचेनचं नाव तुम्ही ऐकलं असेल, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली नोंदवही. गडचिरोलीत एटापल्लीला २०२२ मध्ये जातीचे दाखले ब्लॉकचेनवर ठेवायचा प्रयोग झाला. चांगली गोष्ट आहे, नोंद मागाहून कुणाला बदलता येत नाही. पण मुळात नोंद चुकीची केली असेल, तर ब्लॉकचेन ती चूकसुद्धा तितक्याच इमानानं जपणार. चौकशी करणारा माणूस लागणारच.

न्यायालयंही मागं नाहीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्यात व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश, सीसीटीव्हीचं चित्रण असा पुरावा देताना जोडायच्या प्रमाणपत्रात हॅशचा आकडा लिहावा लागतो. मघाशी सांगितला तोच आकडा, आता वकिलांच्या तोंडी आला आहे.

एक दस्त मात्र या सगळ्यातून अजून बाहेर आहे. मृत्युपत्र. माहिती तंत्रज्ञान कायद्यानं त्याला सुरुवातीपासून वगळलं, ते आजही वगळलेलंच आहे. मोबाइलवर व्हिडिओ करून "शेत धाकट्याला" म्हटलं, तर ते मृत्युपत्र होत नाही. पीडीएफवर आधारच्या ओटीपीनं होणारी ई-सही केली तरी होत नाही. कागद हवा, करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा, आणि त्यावर सही करणारे किमान दोन साक्षीदार हवेत. साक्षीदार निवडताना तुमच्यापेक्षा वयानं लहान निवडा, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. नोंदणीची सक्ती नाही, पण केलेली बरी. तेवढ्यापुरतं आमचं टेबल अजून काही वर्षं चालेल, असं दिसतंय.

नमस्कार.