अर्थाचा अनर्थ

नमस्कार मंडळी. मागं उभे आहेत त्यांनी पुढं या की, पुढच्या दोन रांगा मोकळ्याच आहेत, मी काय कुणाला प्रश्न विचारणार नाही. बोर्डावर विषय लिहिलाय "स्पोर्ट्स कार : बिघाड आणि अपग्रेड". वेळ दिलाय चाळीस मिनिटं. घरातनं निघताना बायको म्हणाली, चाळीस मिनिटांत तुमचं बॉनेटपण उघडून होत नाही. बघूया.

अपग्रेड ऐकायला आलेले किती? हात वर करा. हं, जवळजवळ सगळेच. आणि बिघाड ऐकायला? एक हात, तोपण आमच्या वर्कशॉपमधल्या पोराचा. म्हणजे विषय हार्ड आहे. पण मी बिघाडापासूनच सुरू करणार, कारण माझ्याकडं येणारे निम्मे बिघाड हे मागच्या वर्षीचे अपग्रेडच असतात.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात हातात पाना धरला तेव्हा मिसरूड फुटलेलं नव्हतं. आमच्या मेस्त्रींचा एक नियम होता. गाडी आली की आधी चहा मागवायचा, मालकाला बोलतं करायचं, आणि चहा संपेपर्यंत कुणीही पान्याला हात लावायचा नाही. मला वाटायचं मेस्त्रींना चहाचं व्यसन आहे. होतंच म्हणा. पण त्या दहा मिनिटांत मालक काय काय ओकायचा! "परवा जरा वायरिंगचं काम केलं होतं, पण त्याचा काय संबंध नाही हां" असं मालक म्हणाला की मेस्त्री कप खाली ठेवायचे आणि थेट त्या वायरिंगकडं जायचे. संबंध नाही म्हटलं की संबंध असतोच.

आता ज्या गाडीची गोष्ट सांगणार आहे ती सॅन स्टॉर्म. किती जणांनी प्रत्यक्ष बघितलीय? तीन. बास. बाकीच्यांना सांगतो, नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्याच देशात बनलेली दोन सीटची, छत उघडणारी गाडी. बॉडी फायबरची, आत रेनॉचं 1149 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद साधारण 60 हॉर्सपॉवर. हसू नका. आज साधी स्विफ्टपण 80 च्या पुढं जाते हे मलाही माहितंय, पण बूड रस्त्याला घासेल इतकं खाली बसून गगनबावड्याच्या रस्त्यावर 60 चा स्पीडसुद्धा 120 वाटतो, आणि स्पोर्ट्स कार म्हणजे शेवटी काय, वाटणंच की. कोल्हापूरला गाड्यांचा नाद आज लागलेला नाही. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते तेव्हा सोनं लुटायचं सोडून बॉनेटकडं बघत उभी राहणारी माणसं आहेत आपल्यात, मी त्यातलाच एक.

तर ही सॅन स्टॉर्म एका डॉक्टरांची. नाव सांगत नाही, ते कदाचित इथंच बसलेत. तक्रार अशी, की गाडी तापते. पण कधी? रात्री. दिवसा भर उन्हात कळे गावापर्यंत जाऊन या, काटा मध्यावर. रात्री थंड हवेत निघालं की दहा मिनिटांत काटा लालपट्टीकडं. आता ऐकताना तुम्हाला लगेच विचित्र वाटतंय, पण माझ्याकडं येईपर्यंत गाडी तीन ठिकाणी फिरून आली होती आणि तिन्ही ठिकाणी एकच वाक्य ऐकलं, "गाडी तापते? रेडिएटर बघतो." एकानं रेडिएटर साफ केला. दुसऱ्यानं थर्मोस्टॅट बदलला. तिसऱ्यानं वॉटर पंप बदलला, वर मोठा फॅन बसवला आणि म्हणाला आता जाळ अन् धूर संगटच. धूर तेवढा डॉक्टरांच्या डोक्यातनं निघाला. तीस हजाराच्या वर गेले, काटा तिथंच. कुणा एकाला दोष देत नाही, मीपण तरुणपणी असले उद्योग केलेत, एका फियाटला तीन वेळा प्लग बदलून शेवटी डिस्ट्रिब्युटर कॅपला बारीक तडा सापडला होता. ते जाऊ दे, ते सांगत बसलो तर संध्याकाळ होईल.

चहा मागवला. डॉक्टरांना विचारलं, हे सुरू कधी झालं? म्हणाले, पावसाळ्यानंतर. कुठला पावसाळा? 2021 चा. गाडी शाहूपुरीत तळघराच्या पार्किंगमध्ये होती, पुराचं पाणी आलं, पण सीटपर्यंत नाही हो, चाकं तेवढी बुडाली. बरं, आणि त्यानंतर काय काम केलं? काहीच नाही. काहीच नाही? म्हणजे हेडलाइटचे बल्ब तेवढे बदलले, दिसत नव्हतं म्हणून 100/90 वॅटचे टाकले, पण त्याचा काय संबंध नाही.

मी कप खाली ठेवला.

इथं एक मिनिट थांबून फायबरचं सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. लोखंडी बॉडीच्या गाडीत बॉडी हीच परतीची वायर असते. बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला बांधलेला, बल्बला पॉझिटिव्हची एक वायर नेली की बास, करंट बॉडीतनं परत येतो. फायबरमधनं करंट जात नाही. म्हणून असल्या गाडीत प्रत्येक दिव्याची, हॉर्नची, मीटरची अर्थिंगची, म्हणजे परतीची, वायर वेगळी ओढावी लागते, आणि त्या सगळ्या कुठंतरी एकत्र करून खालच्या लोखंडी चासीवर, म्हणजे सांगाड्यावर, एका बोल्टला आवळायच्या. एक बोल्ट. सासरची, माहेरची, भाऊबंद, सगळी एकाच दारातनं घरी जाणार. ते दार चिंचोळं झालं की भांडणं सुरू.

रात्र व्हायची वाट बघितली नाही. शटर अर्धं ओढलं, इंजिन चालू केलं, लाइट लावले. काटा चढायला लागला. पोराच्या हातात टेम्परेचर गन दिली, थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर धर म्हटलं. 87 डिग्री. पाच मिनिटांनी बघ. 88. काटा लालपट्टीला टेकलेला. मग मी नुसता इंडिकेटर लावला आणि डॉक्टरांना म्हटलं, काट्याकडं बघा. इंडिकेटर टिकटिक करतोय आणि त्या प्रत्येक टिकेला टेम्परेचरचा काटा किंचित हलतोय, लेझीम खेळल्यासारखा. डॉक्टर चष्मा काढून वाकून बघायला लागले. मी म्हटलं, साहेब, चार-पाच लिटर पाणी सेकंदाला एकदा गरम होऊन परत गार होतंय का?

"म्हणजे गाडी तापतच नव्हती?"

"गाडी न्हाई. काटा तापतोय."

मग मल्टिमीटर. हे नीट ऐका, आजच्या व्याख्यानातली हीच गोष्ट घरी न्यायची आहे. मीटर डीसी व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, क्लँपवर नाही, खुंटीवर. लाल पिन हेडलाइटच्या अर्थिंगच्या टोकावर. लाइट बंद, आकडा शून्य. लाइट चालू, आकडा 1.1 व्होल्ट. तिथं 0.1, फार तर 0.2 यायला पाहिजे. बरेच जण काय करतात, लाइट बंद ठेवून ओहमवर मीटर लावतात, टूं वाजतं, म्हणतात अर्थिंग ओके. दहा तारांतली एक तार शिल्लक असली तरी टूं वाजतंच की. लोड टाकल्याशिवाय सांध्याची परीक्षा होत नाही.

आणि हिशेब बघा किती सरळ आहे. नेहमीचे बल्ब 60/55 चे, म्हणजे अप्परला 60 आणि डीपरला 55, डीपरला दोन्ही मिळून 110 वॅट, म्हणजे 12 व्होल्टला 9 अँपिअर. नवीन बल्बना 180 वॅट, 15 अँपिअर. पुरानं तो सांधा गंजून ओहमचा चौदावा-पंधरावा हिस्सा इतका अडथळा झालेला, 15 नं गुणा, व्होल्टभर तिथंच अडकला. डॅशबोर्डवरच्या टेम्परेचर मीटरचं अर्थिंग त्याच बोल्टवर, म्हणून त्या मीटरचा शून्यच व्होल्टभर वर सरकला आणि काट्याला वाटलं इंजिन पेटलं. पुरामुळं सुरुवात झाली, बल्बनं ते बाहेर काढलं. नुसता पूर किंवा नुसते बल्ब असते तर कदाचित कुणाच्या लक्षातपण आलं नसतं.

बोल्ट काढला तर लगांवर, म्हणजे वायरींच्या टोकाच्या कड्यांवर, हिरवी बुरशी धरलेली, चासीवर लगाच्या खाली कुणीतरी हौसेनं काळा रंग मारलेला. पॉलिश पेपरनं घासलं, नवीन लग, जाड वायर, वरनं व्हॅसलीन. नंतर आकडा 0.06. रात्री डॉक्टर एकटेच पन्हाळ्याला जाऊन आले आणि साडेअकराला मला फोन केला, काटा मध्यावर आहे म्हणून. मी झोपलेलो.

यावर तुम्ही म्हणाल, प्रत्येकाकडं कुठं मीटर असतो. अहो, आपण कोल्हापूरची माणसं, जुलै लागला की सकाळी उठून तोंड धुवायच्या आधी विचारतो, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती? इशारा 39 फूट, धोका 43, शेंबडं पोरगंपण सांगतं. पाणी लई वाटतंय म्हणून कुणी घरातलं सामान हलवत नाही, आकडा विचारतो. नदीला आकडा विचारणारा माणूस गाडीपुढं आला की "वाटतंय पंप गेलाय" कसा म्हणतो हे मला कळत नाही. आणि हे शिरोली, गोकुळ शिरगावला फौंड्र्या असलेल्या गावात, जिथं इंजिनाचे ब्लॉक अन् हेड ओतून मायक्रॉनमध्ये तपासून देशभर जातात. दिवसभर कंपनीत मायक्रॉन, आणि रविवारी स्वतःच्या गाडीला अंदाजपंचे.

चिठ्ठी आली. सात मिनिटं राहिली म्हणे. बघा, बायको बरोबर होती.

बरं, अपग्रेड. पटापट सांगतो, लिहून घ्या. पहिलं टायर. साइडवर चार आकडी नंबर असतो, 2319 असेल तर 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीपण असू दे, रबर वयानं कडक होतं, एक्झॉस्टला चाळीस हजार घालणाऱ्याचे टायर नऊ वर्षांचे निघतात. चाक मोठं केलं तर टायरची उंची तितकी कमी घ्या, बाहेरचा व्यास तोच राहिला पाहिजे, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलणार, आणि खोट्या काट्याचं काय होतं ते आत्ता ऐकलंत.

दुसरं ब्रेक, आणि ब्रेक म्हणजे आधी लाल कॅलिपर नव्हे, ऑइल. ब्रेक ऑइल हवेतनं पाणी ओढतं. नवीन डॉट 4 ग्रेडचं ऑइल किमान 230 डिग्रीला उकळतं, पाणी धरलेलं 155 ला. डॉट 3 चं 205 आणि 140. करूळ घाट उतरताना पॅडल मऊ होऊन खाली गेलं की हा फरक कळतो, पण तेव्हा कळून उपयोग नसतो. दोन वर्षांनी बदला, पाचशे-सातशेचं काम. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका, 5.1 वेगळं, ते चालतं.

तिसरं, सस्पेन्शन. स्प्रिंग कापून गाडी खाली करणाऱ्यांना मी दारात उभं करत नाही. आधी बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, बदला, शॉकअप बघा, अलाइनमेंट करा. आमचे मेस्त्री दोरी बांधून अलाइनमेंट करायचे आणि मशीनवर नेलं तर फरक निघायचा नाही, ते एक वेगळंच व्याख्यान होईल. मग कूलिंग, टायमिंग बेल्ट. बेल्ट नुसत्या किलोमीटरवर नाही, वर्षांवरपण बदलतात, उभ्या गाडीचापण. आणि सगळ्यात शेवटी ताकद. उघडा एअर फिल्टर इंजिनाच्या शेजारी बसवला की तो गरम हवा ओढतो, आवाज वाढतो, ताकद घटते, पण आवाज वाढला म्हणून माणूस खूश.

कायद्याचं कुणीतरी विचारणारच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, कंपनीनं दिलेल्या रचनेत मनानं बदल चालत नाही, 2019 ला सुप्रीम कोर्टानंपण तेच सांगितलंय. ते डॉक्टरांचे 100 वॅटचे बल्बपण मी काढूनच दिले. पळवायचीच हौस असेल तर आपल्याकडं मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे, तिथं कार्ट चालवा, भवानी मंडपाभोवती नको.

वेळ संपली, खुणा करायला लागलेत. सॅन स्टॉर्म बाहेर आणलीय, डॉक्टरांनी किल्ली दिलीय, मीटरपण डॅशबोर्डवर ठेवलाय. ज्याला 0.06 स्वतः बघायचंय त्यानं चहा घेऊन या. फक्त इंजिन बंद असताना हेडलाइट जास्त वेळ लावून ठेवू नका, बॅटरी जुनी आहे, आणि ढकलायला परत मलाच बोलवाल.