आधी तास मोजा

नमस्कार, श्रोतेहो.

तुम्ही चित्रं काढत असाल, मातीची भांडी घडवत असाल, लाकूड कोरत असाल आणि 'नोकरी सोडून आता यातच पडावं का' असा विचार डोक्यात घोळत असेल, तर आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे. प्रेरणा वगैरे मी देणार नाही, ती तुमच्यापाशी आहेच. आपण हिशेबाचं बोलू.

1509 साली आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकारानं याकोब हेलर या व्यापाऱ्याला एक पत्र लिहिलं. हेलरनं त्याला चर्चमधल्या वेदीसाठी मोठं चित्र काढायला सांगितलं होतं. ड्यूररचं रडगाणं असं, की इतक्या बारकाव्याच्या चित्रात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. त्यापेक्षा कोरीव छापांचंच काम धरून बसलो असतो, तर आज गाठीला चांगला पैसा असता. तांब्याच्या पत्र्यावर चित्र एकदा कोरलं, की त्याचे छाप पुन्हा पुन्हा काढता येतात. त्याची बायको आग्नेस ते छाप जत्रांमधून विकायची. म्हणजे विक्रीची बाजू सांभाळणारं माणूस घरातच होतं. हे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही!

पाचशे वर्षं झाली, पण पेच तोच आहे. एक काम नाव करतं आणि दुसरं घर चालवतं. दोन्ही करा, पण कुठलं काम कशासाठी चाललंय ते स्वतःशी स्पष्ट असू द्या. मोठ्या ऑर्डरच्या भरवशावर महिन्याचा खर्च मांडला, की ती ऑर्डर लांबते. लांबतेच.

आता किमतीकडे येऊ. बहुतेक जण सामानाचा खर्च धरतात, वर अंदाजानं काहीतरी लावतात आणि गिऱ्हाईक नाक मुरडेल म्हणून त्यातलंही थोडं कमी करतात. त्याऐवजी कागद घ्या. वर्षाचे 52 आठवडे. आजारपण, सुट्ट्या, घरची कार्यं यांचे 6 वजा करा, उरले 46. आठवड्याला 40 तास काम धरलं, तर झाले 1840 तास. पण हे सगळे तास काही हातात ब्रश धरून जात नाहीत. फोन, सामान आणणं, पॅकिंग, फोटो काढणं, बिलं करणं, थकलेल्या पैशांसाठी माणसांच्या मागे लागणं, यात निम्मा वेळ सहज जातो. मग प्रत्यक्ष निर्मितीचे उरले 920. वर्षभर घर आणि कामाची जागा चालवायला जेवढी रक्कम लागते, तिला या 920नं भागा. तो तुमच्या एका तासाचा दर. 1840नं भागलंत, तर दर बरोबर निम्मा निघेल आणि वर्षभर राबूनही हातात पैसा का टिकत नाही, हे कोडं सुटणार नाही. वस्तूला लागलेले तास गुणिले हा दर, वर सामानाचा खर्च. याखाली उतरायचं नाही.

गॅलरीमार्फत विकणार असाल, तर कमिशन आधी विचारा. कित्येक ठिकाणी ते विक्रीच्या किमतीच्या निम्मं असतं. शंभरातले पन्नास तिकडे गेले, फ्रेम आणि सामानाला वीस लागले, तर उरले तीस. कामाचे सगळे तास त्या तिसात बसले पाहिजेत. आणि गॅलरीत एक किंमत, घरी आलेल्याला दुसरी, असं करू नका. गॅलरीवाल्याला ते कळतंच, आणि त्याचा राग रास्त असतो.

ऑर्डर घेताना चार ओळी लिहून घ्या, ओळखीचा माणूस असला तरी. खरं तर ओळखीचा असेल तर हमखास. आकार काय, कधी द्यायचं, आगाऊ किती, कच्च्या आराखड्यात किती वेळा बदल करून मिळेल. 'जरा हा रंग बदलता का' हे वाक्य पाचव्यांदा ऐकलं, की ही शेवटची अट का घालायची ते उमजतं. आगाऊ रक्कम निम्मी मागायला लाजू नका. सामान तुमच्याच पैशानं येणार आहे.

कॉपीराइटची ओळही त्यातच घाला. बर्न करार हा कॉपीराइटविषयीचा आंतरराष्ट्रीय करार 1886चा, आणि आज जगातले बहुतेक देश त्यात आहेत. त्यानुसार कलाकृती तयार होताच हक्क आपोआप मिळतो, नोंदणीची अट नाही. चित्र विकलं म्हणजे त्याचे छाप काढून विकण्याचा हक्कही विकला, असं आपोआप होत नाही. नोकरीत असताना मालकासाठी केलेल्या किंवा कुणाच्या ऑर्डरवरून पैसे घेऊन केलेल्या कामाची गोष्ट वेगळी असू शकते, तिथे आपल्याकडचा कायदा पाहून घ्या.

शेवटचं, किरकोळ वाटणारं काम. विक्रीसाठी कुठेही वस्तू ठेवलीत, की यादी करून सही घ्या: वस्तू, किंमत, कमिशन, पैसे किती दिवसांत, तुटली-फुटली तर भरपाई कुणी द्यायची. यादीच्या दोन प्रती करा, एक त्यांच्याकडे आणि एक तुमच्या फाइलला. नमस्कार.