तिसरा मजला, तिसरं दार

[रिकामा व्हरांडा. उन्हं कलली आहेत.]

शाळा सुटली तरी जपानी शाळेतली सगळी मुलं लगेच घरी जात नाहीत. कुणी बागेत झाडांना पाणी घालतं, कुणी ग्रंथालयात बसतं, कुणी नुसतंच खिडकीशी रेंगाळतं. वर्ग नारिंगी होतो. या वेळेला जपानीत 'तासोगारे' म्हणतात. शब्दाच्या मुळाशी प्रश्न आहे: 'तो कोण?' समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू येत नाही, ती वेळ. तिचं दुसरं नाव 'ओमागातोकी', म्हणजे भुताखेतांशी गाठ पडायची वेळ. तिन्हीसांजेला पिंपळाखाली थांबू न देणाऱ्या आपल्या आज्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

[फळा, जवळून.]

ही खडूनं काढलेली छत्री बघा. दांड्याच्या दोन बाजूंना दोन नावं. वर्गात कुणाचं कुणाशी जुळलंय, हे जपानी मुलं असं लिहितात. इथली नावं पुसट झाली आहेत, छत्री तेवढी शाबूत आहे. शाळा बंद पडलीय. मुलंच उरली नाहीत. २००२ ते २०२० या काळात जपानमधल्या आठ हजारांहून जास्त सरकारी शाळा बंद झाल्या.

[जिना. तिसरा मजला.]

मुलींच्या टॉयलेटचं हे तिसरं दार. तीनदा टकटक करायची आणि विचारायचं, 'हानाको-सान, आहेस का?' आतून 'हो' येतं. हानाको म्हणजे टॉयलेटमधल्या मुलीचं भूत: लाल स्कर्ट, बॉबकट. १९८०च्या दशकात ही गोष्ट शाळाशाळांतून तोंडोतोंडी पसरली. पुढं काय होतं, ते मात्र गावागणिक वेगळं.

२०१४ साली आयदाइरो या जोडीनं आपल्या मांगात, म्हणजे जपानी चित्रकथेत, या हानाकोचा मुलगा केला. 'जिबाकु शोनेन हानाको-कुन'. जिबाकु म्हणजे एका जागेला जखडलेला. पाय मुळ्यासारखे म्हणून हिणवली गेलेली नेने ही शाळकरी मुलगी हे दार वाजवते आणि भुताकडं मागते काय, तर आपल्यावर प्रेम करणारा मुलगा! लेर्ख स्टुडिओनं जानेवारी २०२० मध्ये त्याची ॲनिमेशन मालिका आणली, दिग्दर्शक मासाओमी आंदो.

[दिव्याच्या काचेवर कागद. ॲनिमेटरचा हात.]

इथं जरा थांबू. एका सेकंदात २४ फ्रेम असतात, पण जपानी ॲनिमेशनमध्ये बहुतेकदा आठ किंवा बारा चित्रंच काढतात. एकच चित्र दोन-तीन फ्रेम धरून ठेवायचं. हा हात पापणी काढतोय. उघडी, अर्धी, मिटलेली. काचेखालच्या उजेडात आधीची पापणी वरच्या कागदातून दिसते, तिच्या केसभर खाली नवी रेघ. अर्धी पापणी किंचित जास्त धरली, तर मुलगी लाजली. पापणी लवलीच नाही, तर समोर माणूस नाही. एवढ्याशा रेघेचा फरक.

लेर्खनं हालचाल कमी ठेवली, पात्रांभोवती जाड काळी रेघ ओढली, पडदा मांगासारखा चौकटींत कापला. याला काटकसर म्हणणं मला पटत नाही. थांबलेलं चित्र हाच या गोष्टीचा जीव आहे. हानाको वाढत नाही, शाळा सोडून जात नाही. नेने वरच्या वर्गात जाईल.

[गच्चीचं दार. पावलांचा आवाज.]

भीती आणि प्रेम इथं कुणी ओढूनताणून मिसळलेलं नाही. दोघांनाही लागतं तेच: रिकामा वर्ग, उतरतं ऊन, पाठीमागे कुणाची तरी चाहूल. छातीतली धडधडही तीच.

[कपाटातली पुस्तकं.]

मालिकेतल्या एका ग्रंथालयात शाळेतल्या प्रत्येकाचं एक पुस्तक आहे, घडलेलं आणि घडणारं लिहिलेलं. नेने हानाकोचं उघडते. जिवंतपणी तो युगी आमाने होता. जुळा भाऊ त्याच्याच हातून मारला गेला.

[तिसरं दार. अंधारतंय.]

कॅमेरा लावून आम्ही दिवेलागणीपर्यंत थांबलो. कडी गंजलेली आहे. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं काढलेली आणखी एक छत्री आहे. दांड्याच्या एका बाजूला नाव. दुसरी बाजू कोरी.